बनुआ

ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलातील एक प्राचीन शब्द. फिलिपिन्सपासून हवाई आणि न्यूझीलंडपर्यंत तो निरनिराळ्या रूपांत आढळतो. भाषाशास्त्रज्ञांनी त्याचे मूळ रूप ‘बनुआ’ असे ठरवले असून ‘एखाद्या समूहाला जगवणारी वस्तीची भूमी’ असा अर्थ लावला आहे. त्यात माती, शेते, पाणी आणि माणसे असे सगळेच येते. एवढा भरलेला अर्थ असल्यामुळे प्रत्येक भाषेने त्यातला आपापला वाटा उचलला.

फिलिपिन्समधील हिलिगायनोन भाषेत ‘बन्वा’ म्हणजे गाव किंवा नगर. उत्तरेकडील बतानेस बेटांवरच्या इवातान भाषेत ‘वनुआ’ म्हणजे होडी किनाऱ्याला लावायची जागा. समुद्रावरून परतणाऱ्याला गाव तिथूनच सुरू होते. लुझोन बेटावरच्या कपंपांगन भाषेत मात्र ‘बनुआ’ म्हणजे आकाश, स्वर्ग आणि वर्षसुद्धा. नव्या वर्षाला तिथे ‘बायुंग बनुआ’ म्हणतात. भूमीचा शब्द असा आभाळाला जाऊन भिडावा, हे या शब्दाच्या इतिहासातले सर्वांत विलक्षण वळण.

सुमारे ३,००० वर्षांपूर्वी या भाषा बोलणारे दर्यावर्दी टोंगा-सामोआपर्यंत पोहोचले. प्रवासात आरंभीचा ‘ब’ बदलत गेला: फिजीत ‘वनुआ’, सामोआत ‘फनुआ’, टोंगात ‘फोनुआ’, ताहितीत ‘फेनुआ’, हवाईत ‘होनुआ’. हवाईयन भाषेत ‘होनुआ’चा अर्थ पृथ्वी इतका विस्तारला. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या वानुआटू देशाच्या नावातही हाच शब्द आहे.

न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘फेनुआ’ म्हणजे जमीन, आणि वारसुद्धा, म्हणजे बाळंतपणात बाळापाठोपाठ पडते ती. (रोमन लिपीत माओरी शब्दाचा आरंभ ‘डब्ल्यू-एच’ असा लिहितात, उच्चार ‘फ’च्या जवळचा आहे.) बाळ जन्मले की त्याची वार पूर्वजांच्या जमिनीत पुरायची, अशी माओरी प्रथा आहे. वार ठेवण्याच्या पात्राला ‘इपू फेनुआ’ म्हणतात. ते भोपळ्याचे किंवा मातीचे असते. आजही अनेक कुटुंबे वार रुग्णालयातून मागून घेतात आणि गावाकडे नेऊन पुरतात. ‘इथे माझी नाळ पुरली आहे’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याला जे सांगायचे असते, ते माओरीत या एका शब्दात सामावलेले आहे. मूळ रहिवाशांना माओरीत ‘तांगाता फेनुआ’, म्हणजे भूमीची माणसे म्हणतात. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी टोळीप्रमुख यांच्यात १८४० मध्ये झालेल्या वायतांगी कराराच्या माओरी मसुद्यात टोळ्यांच्या जमिनींसाठी हाच शब्द वापरलेला आहे. ब्रिटिशांच्या लेखी जमीन खरेदी-विक्रीची वस्तू होती. जिच्या नावातच वार आहे ती जमीन विकण्याची कल्पना माओरींना किती परकी वाटली असेल, हे यावरून कळते.

टोंगन भाषेत कबरीला ‘फोनुआलोतो’ म्हणतात. त्यातला पहिला शब्द ‘फोनुआ’च आहे.