परसाकडचा पाला

परसाकडचा पाला म्हणजे रानात, माळावर नाहीतर ट्रेकवर दोन नंबरला बसल्यावर जवळ पाणी नसेल तेव्हा पुसायला घेतात तो झाडाचा पाला, आणि त्याच्याच जोडीला दगड, ढेकूळ, कणसाचं बुरकुंड (दाणे काढल्यावर उरतो तो भाग) वगैरे मंडळी. परदेशात याला टॉयलेट पेपरचा पर्याय समजतात पण आपल्या सातारा-सांगलीकडं प्रश्नच उलटा आहे. आपल्याकडं कागद कधी नव्हताच, त्यामुळं पर्याय शोधायचा तो पाण्याला.

पाणी म्हणजे टमरेल. पहाटे अंधारात हातात टमरेल नाहीतर डालड्याचा जुना डबा घेऊन माणूस दिसला की कुठं निघालाय हे कुणी विचारायचं नाही, परसाकडला, झाड्याला, बाहेरला असे शब्द तेवढे होते. बायकांना तर उजाडायच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतरच जाता यायचं, त्यात पायाखाली साप-विंचवाची भीती. २०००-०१ ला संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, म्हणजे सांगलीचेच. मग गावोगाव गुड मॉर्निंग पथकं फिरायला लागली, टमरेलवाल्याला गाठून कुठं गुलाबाचं फूल द्यायची, कुठं दंडाची भीती घालायची. आता घरोघरी संडास आलेत तरी मेंढपाळ, ऊसतोडीची माणसं आणि गडावर चढणारी पोरं यांना अजून उघड्यावर बसावं लागतं आणि यांच्याकडंच पाणी नेमकं प्यायच्या बेताचं असतं.

पाला निवडताना तीन गोष्टी बघायच्या, पान हाताच्या पंजाएवढं तरी रुंद हवं, दाबल्यावर फाटू नये आणि मोडल्यावर चीक येऊ नये. या हिशोबात पळस पहिला. पळसाला पानं तीनच पण तिन्ही कामाची, जाड, चिवट, वरनं गुळगुळीत आणि खालच्या अंगाला बारीक मऊ लव असते, पुसायला ती लवेचीच बाजू घ्यायची. ज्या पानाच्या पत्रावळीवर आपण जेवतो त्यावर हे असं लिहिणं बरं दिसत नाही पण आहे ते आहे. पळसाची अडचण एकच, शिमग्याच्या सुमाराला झाड लालभडक फुलतं आणि पान एक नसतं, नवी पालवी यायला पार उन्हाळा लागतो. घाटाकडच्या जंगलात कुंभ्याचं पान मिळतं, फांदीच्या टोकाला झुबक्यानं येतं, मोठं आणि गुळगुळीत. एरंडाचं पान बांधावर कुठंही सापडतं, पण ते नुसतं सरकवतं, टिपून काही घेत नाही, म्हणून दोन-तीन लागतात. सागाचं पान बघून हात आपोआप जातो, सुपाएवढं असतं ना, पण वरची बाजू पॉलिश पेपरसारखी खरखरीत, एकदा वापरलेला माणूस परत सागाकडं वळत नाही. कारवीची गत तीच.

सांगलीकडं हळदीचं पान म्हणजे खरं तर उत्तम, लांब, रुंद, गुळगुळीत, वर वासही चांगला. पण ते दुसऱ्याच्या रानातलं, सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, अशा पिकाची पानं ओरबाडताना मालकानं बघितलं तर पुसायचं राहतं बाजूला. तासगाव भागात द्राक्षाचं पान हाताशी असतं आणि दिसायलाही छान, पण बागेवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो आणि बाकीची औषधं सतत मारलेली असतात, ते पान तिथं लावायचं नाही म्हणजे नाही. ऊस आडोसा देतो, पान देत नाही. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते, हाताला कापतं तर बाकीच्या जागेचं काय सांगावं.

आता न घ्यायचा पाला, आणि हा भाग नीट वाचा. रुईच्या आणि शेराच्या पानाला-फांदीला पांढरा चीक असतो, कातडीची आग होते, डोळ्यात गेला तर आणखी वाईट. बिब्ब्याच्या झाडापासनं लांबच राहायचं. गाजर गवतानं बऱ्याच जणांना अंगावर पुरळ उठतं. खाजकुइलीचं पान तसं काही करत नाही पण हिवाळ्यात त्याच वेलावर शेंगा असतात आणि त्यांची सोनेरी लव वाऱ्यानं सगळ्या पाल्यावर बसते, त्या वेलाजवळ बसायचंच नाही. आणि अळू. अळूवडी खाणाऱ्याला वाटतं हे तर घरचं पान, पण कच्च्या अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चिंच घालतात ती घशाला खाजू नये म्हणूनच. आमच्यातल्या एकानं पावसाळ्यात सज्जनगडाच्या बाजूला रानअळूचं पान घेतलं, पान रुंद, मऊ, बघायला एक नंबर, आणि मग गडी गाडीवर मागच्या सीटवर टेकेचना, साताऱ्यापर्यंत फूटरेस्टवर उभा राहून आला. म्हणून अनोळखी पान आधी मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, अर्थात तेवढा दम धरण्यासारखी परिस्थिती असली तर.

माण-खटावच्या माळावर पाला कुठला, तिथं दगड आणि ढेकूळ. दगड घ्यायचा तो गुळगुळीत आणि सावलीतला, उन्हाळ्यात दुपारच्या काळ्या दगडाचा चटका काय असतो ते सांगायला नको, आणि उचलायच्या आधी पायानं उलटा करायचा कारण विंचू त्याच्याखालीच असतो. काळ्या रानातलं वाळलेलं ढेकूळ जरा टिपून घेतं म्हणून दगडापेक्षा बरं, फक्त फुटतं. यात कमीपणा काही नाही, जुने ग्रीक लोक दगड आणि खापराचे तुकडेच वापरत होते, इस्लाममध्ये इस्तिंजाला, म्हणजे झाल्यावरच्या स्वच्छतेला, पाण्याऐवजी दगड-ढेकळं चालतात, निदान तीन, आणि हाड किंवा शेण चालत नाही. कणसाचं बुरकुंड अमेरिकेतले शेतकरीसुद्धा वापरायचे, तिकडं पाकिटातला कागद विकायला आला तो १८५७ ला, जोसेफ गेयेटी नावाच्या माणसानं आणला. गवताचं म्हणाल तर ओलं आणि कोवळं असेल तरच, दिवाळीनंतर त्याला कुसळं येतात.

खरं सांगायचं तर अर्धा लिटरची बाटली असली तर यातलं काहीच लागत नाही. टोपणाला तापलेल्या खिळ्यानं एक भोक पाडायचं, बाटली उलटी धरून दाबली की बारीक पिचकारी येते, निम्म्या बाटलीत काम होतं. आधी पाल्यानं पुसून मग पाणी घेतलं तर आणखी कमी लागतं. हाताला पूर्वी राख नाहीतर माती लावायचे, राख ठीक आहे, पण मातीत जंतांची अंडी असू शकतात, म्हणून साबणाची चकती खिशात ठेवलेली बरी.

झाल्यावर पुरायचं. खुरप्यानं वीतभर खोल खड्डा, ओढा-तळं-विहिरीपासनं निदान ६० मीटर लांब, पाला आत, माती वर. साधा टिश्यू कोरड्या माळावर कितीतरी दिवस तसाच फडफडत राहतो, आणि वेट वाइप म्हणजे बहुतेक प्लॅस्टिकचाच धागा, तो पुरला तरी कुजत नाही. पण कासच्या पठारावर पुरायचंही जमत नाही कारण तो जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट कातळ आहे, वर मातीचा थर बोटभर, त्यात ती फुलं, पश्चिम घाटाबरोबर २०१२ ला जागतिक वारशात गेलेली जागा, आणि खालच्या कास तलावाचं पाणी सातारकरांच्या नळाला येतं. तिथं बसायचीच वेळ आली तर दोन पिशव्या एकात एक घालून, वरनं राख नाहीतर कोरडी माती टाकून गाठ मारायची आणि डिकीत ठेवून घरी आणायचं, घाटाच्या वळणावर फेकायचं नाही.