पाय-होल: बसवायला सोपं, चोरवाटा बुजवायला अवघड

ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं की लॅपटॉपवरची पानं स्वच्छ दिसू लागतात. स्मार्ट टीव्हीत मात्र ते बसत नाही. आजीच्या फोनमधल्या पंचांगाच्या ॲपमध्ये बसत नाही, आणि वाय-फायवर चालणाऱ्या बल्बमध्ये किंवा कॅमेऱ्यात तर प्रश्नच नाही. पाळत ठेवण्यात टीव्ही फोनच्या फार मागे नाही. पडद्यावर काय चाललंय ते टीव्हीच ओळखतो आणि कंपनीला कळवतो. हे प्रेक्षकांना न विचारता १ कोटी १० लाख टीव्हींमधून केल्याबद्दल अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला २०१७ साली २२ लाख डॉलर भरावे लागले. अशा यंत्रांचा बंदोबस्त यंत्रात करता येत नाही, तो घराच्या नेटवर्कवरच करावा लागतो. हे काम पाय-होल हे सॉफ्टवेअर घरातल्या एका छोट्या संगणकावर बसून करतं.

कुठल्याही ॲपला एखाद्या सर्व्हरशी बोलायचं असेल तर आधी त्याच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधावा लागतो. ही विचारणा डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेकडे जाते. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखलेली ही व्यवस्था आजही मुळात तशीच आहे. प्रश्न बहुतेक वेळा ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे रहदारीचं क्रमांक दिलेलं दार), उघड्या अक्षरांत जातो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाना ओळीत आलेला नवखा माणूस कोपऱ्यावरच्या पानवाल्याला घर विचारतो आणि ‘असं कुणी इथं राहत नाही’ हे ऐकून परत फिरतो. पाय-होल हा घरातला पानवाला. यादीतल्या जाहिरातवाल्याचं नाव कुणी विचारलं की तो ०.०.०.० असा कुठेही न नेणारा पत्ता देतो, बाकीच्या नावांचे खरे पत्ते बाहेरून विचारून आणतो आणि लक्षात ठेवतो. जाहिरात उतरवून मग लपवली जात नाही, ती मागवलीच जात नाही. म्हणून डेटाही वाचतो आणि जुन्या फोनवर पानं लवकर उघडतात.

यातच त्याची मर्यादाही आली. त्याला फक्त सर्व्हरचं नाव दिसतं, वेब-पत्त्यातला त्यापुढचा भाग दिसत नाही. यूट्यूबचा व्हिडिओ आणि त्याच्या आधीची जाहिरात एकाच नावाखालून येतात, त्यामुळे पाय-होल यूट्यूबच्या जाहिराती थांबवू शकत नाही. ‘या यादीनं थांबतात’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर सोडून द्यावं. मालिकेच्या प्रवाहातच सर्व्हरवर शिवून पाठवलेल्या जाहिरातींचंही तेच. काही ट्रॅकर, म्हणजे पाळत ठेवणाऱ्या सेवा, वेबसाइटच्याच उपनावाखाली लपतात. त्या नावामागचं खरं नाव तपासायची सोय मात्र २०२०च्या ५.० आवृत्तीपासून पाय-होलमध्ये आहे.

यंत्र साधं चालतं. रास्पबेरी पाय (पुढे नुसता ‘पाय’) हा तळहाताएवढा संगणक. त्यातला ५१२ एमबी रॅमचा झीरो २ डब्ल्यूही पुरतो, पण त्याला नेटची केबल लावायचं भोक नाही. आणि लष्करच्या जुन्या घरांतल्या दगडी भिंती वाय-फायच्या मुळावर उठलेल्या असतात. घरातला प्रत्येक प्रश्न या डबीतून जाणार, तेव्हा ती राउटरला केबलनं जोडलेली बरी. रास्पबेरी पाय ३ किंवा ४ घ्यावा, किंवा माळ्यावर पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकावं. प्रश्नोत्तरं काहीशे बाइटची असल्यानं वेगाची चिंता नाही. मेमरी कार्ड १६ जीबीचं चालेल, फक्त ते सीसीटीव्हीसाठी विकतात तसं जास्त लिखाण सोसणारं असावं, कारण नोंदी सतत लिहिल्या जातात. सरासरी ३ वॅट धरले तर महिन्याला दोन युनिटांच्या थोडी वर वीज लागेल. ग्वाल्हेरचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो आणि पाय ८० अंशांच्या पुढे स्वतःचा वेग कमी करतो. पण हे काम इतकं हलकं आहे की डबी इन्व्हर्टरच्या डोक्यावर बंद कपाटात ठेवली नाही म्हणजे झालं.

लाइट जाण्याचा त्रास जास्त आहे. राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर आणि पाय साध्या प्लगवर असेल, तर लाइट गेल्यावर नेट चालू असूनही घरात काहीच उघडत नाही. दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर हवेत. दुसरी अडचण चटकन लक्षात येत नाही. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. बराच वेळ वीज नसली तर पाय जुनीच वेळ धरून उठतो. पाय-होलमध्ये डीएनएसएसईसी म्हणजे उत्तरांच्या सहीची तपासणी चालू असेल तर तारीख चुकीची असल्यानं सह्या अवैध ठरतात. मग वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचंही नाव सापडत नाही आणि घड्याळ दुरुस्त होत नाही. गाडी तिथेच अडकते. उपाय तीन: वेळेचा सर्व्हर नावाऐवजी आकडी पत्त्यानं नोंदवणं, शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळाचं मॉड्यूल लावणं, किंवा ती तपासणी बंद ठेवणं. घरगुती वापरासाठी तिसरा पुरेसा आहे.

बसवणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. समजा, राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि तो यंत्रांना १०० ते २०० या टप्प्यातले पत्ते वाटतो. पायला त्या टप्प्याबाहेरचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, हा कायमचा पत्ता द्यावा. कार्डावर रास्पबेरी पाय ओएस लाइट टाकून पाय-होलच्या अधिकृत साइटवरची एका ओळीची आज्ञा चालवली की इन्स्टॉलर प्रश्न विचारत जातो. बाहेरचा डीएनएस निवडावा, अडवायच्या नावांची सुचवलेली स्टीव्हन ब्लॅक यांची यादी तशीच ठेवावी आणि शेवटी दिसणारा पासवर्ड लिहून घ्यावा. मग राउटरच्या लॅन (घरातलं नेटवर्क) विभागात, डीएचसीपीच्या, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या पानावर, डीएनएस म्हणून पायचा पत्ता भरायचा.

इथे दोन चुका नेहमी होतात. ‘दुसरा डीएनएस’ या चौकटीत लोक सवयीनं ८.८.८.८ हा गुगलचा डीएनएस भरतात, म्हणजे पहिला बंद पडला तर तो कामाला येईल. पण यंत्रं असा क्रम पाळत नाहीत. मनाला येईल तेव्हा दुसऱ्याला विचारतात, आणि जाहिराती अर्ध्या दिसतात, अर्ध्या नाहीत. ती चौकट रिकामी ठेवावी किंवा दोन्हीकडे पायचाच पत्ता द्यावा. दुसरी चूक म्हणजे पायचा पत्ता लॅनऐवजी वॅन (बाहेरचं नेट) विभागात भरणं. तसं केलं की सगळ्या घराचे प्रश्न राउटरच्या एकट्याच्या नावानं येतात. पाय-होल एका यंत्राला मिनिटाला १००० प्रश्नांची मर्यादा घालतो. घर भरलेलं असताना ती ओलांडली की राउटरलाच, म्हणजे अख्ख्या घरालाच, उत्तरं मिळणं थांबतं. त्यात पाय-होलचा बाहेरचा डीएनएस राउटरच ठेवला असेल तर दोघं एकमेकांनाच विचारत बसतात.

ब्रॉडबँड कंपनीनं दिलेल्या राउटरमध्ये डीएनएसची चौकट अनेकदा कुलूपबंद असते. मग राउटरचं डीएचसीपी बंद करून पाय-होलचं चालू करावं. एका नेटवर्कवर दोन्ही एकाच वेळी नकोत, आणि बदल करताना लॅपटॉपला हातानं पत्ता देऊन ठेवावा, नाहीतर मध्येच रस्ता तुटतो. तेही कुलूपबंद असेल तर मागे स्वतःचा राउटर लावावा. वरच्या मजल्यावर काकांनी आपला वेगळा राउटर लावलेला असेल, तर त्याच्या मागची यंत्रं वेगळ्या नेटवर्कात राहतात आणि त्यालाच विचारतात. त्याला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वाय-फाय पसरवणारं यंत्र करावं: डीएचसीपी बंद आणि केबल वॅनऐवजी लॅनच्या भोकात. बदलानंतर प्रत्येक यंत्राचं वाय-फाय एकदा बंद-चालू करावं, कारण जुना डीएनएस जुन्या पत्त्याची मुदत संपेपर्यंत टिकतो.

इतकं करूनही जाहिराती येत राहिल्या तर दोष बहुधा आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या, लांबलचक पत्त्यांच्या पद्धतीचा. आतापर्यंतचे १९२.१६८ वाले पत्ते जुन्या आयपीव्ही४ पद्धतीचे. आयपीव्ही४च्या बाजूनं आपण पाय-होल बसवतो, पण राउटर दुसऱ्या बाजूनं ‘आयपीव्ही६चा डीएनएस मी आहे’ अशी घोषणा करत असतो. फोन दोन्ही ऐकतो. ओळखायची खूण सोपी आहे: फोनच्या किंवा लॅपटॉपच्या नेटवर्क तपशिलात डीएनएसच्या यादीत विसर्गासारख्या दुहेरी टिंबांनी जोडलेला लांबलचक पत्ता दिसला आणि तो पायचा नसला, तर गळती तिथेच आहे. राउटरमध्ये आयपीव्ही६च्या डीएनएसची चौकट असेल तर पायचा घरापुरता पत्ता, एफई८० किंवा एफडीनं सुरू होणारा, तिथे भरावा. कंपनीकडून मिळालेला सार्वजनिक पत्ता भरला तर तो बदलल्यावर पुन्हा गळती सुरू. आणि हा डीएनएस राउटरच्या घोषणेतूनच दिला पाहिजे. डीएचसीपीव्ही६मधून दिलेला अँड्रॉइड फोन वाचतच नाही. चौकटच नसेल तर बरेच जण आयपीव्ही६ सरळ बंद करतात. हा शेवटचा उपाय. आपल्याकडे अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे बसवतात, तेव्हा व्हिडिओ कॉल आणि गेमसाठी थेट रस्ता आयपीव्ही६चाच असतो.

यापुढच्या चोरवाटा यंत्रांच्या पोटात आहेत. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’, म्हणजे प्रश्न एनक्रिप्ट करून पाठवायची सोय आहे. ‘ऑटोमॅटिक’वर अडचण नाही, पण तिथे एखाद्या सेवेचं नाव लिहिलं असेल तर तो फोन पाय-होलला विचारतच नाही. फायरफॉक्स आपले प्रश्न एनक्रिप्ट करून बाहेर पाठवण्याआधी एक ठरावीक नाव विचारून पाहतो. पाय-होल ते ‘नाही’ म्हणून सांगतो आणि फायरफॉक्स मुकाट्यानं घरच्या डीएनएसवर येतो. मात्र वापरणाऱ्यानं स्वतः ती सोय चालू केली असेल तर तो ऐकत नाही. आयफोनच्या प्रायव्हेट रिलेलाही, म्हणजे ब्राउझिंग लपवून ॲपलमार्गे नेणाऱ्या सेवेलाही, पाय-होल असंच थोपवतो.

काही टीव्ही आणि स्ट्रीमिंगच्या डोंगलांत ८.८.८.८ कारखान्यातच कोरलेलं असतं. त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर चालवणारा राउटर लागतो. त्यात ५३ पोर्टवरून बाहेर जाणारा प्रत्येक प्रश्न पायकडे वळवायचा नियम घालावा आणि एनक्रिप्ट केलेल्या डीएनएसचं ८५३ पोर्ट बंद करावं. नियमातून पायला स्वतःला वगळायला विसरू नये, नाहीतर त्याचेच प्रश्न त्याच्याकडे परत येतील. शिवाय वळवलेल्या प्रश्नाचं उत्तर टीव्हीला थेट पायकडून आलं तर तो ते नाकारतो, कारण त्यानं विचारलं होतं भलत्यालाच. म्हणून मास्करेडिंगही लावावं, म्हणजे उत्तर राउटरमार्गे येतं. ४४३ पोर्टवरून एनक्रिप्ट होऊन जाणारे प्रश्न साध्या वेब रहदारीतून वेगळे काढता येत नाहीत. अशा सेवांची माहीत असलेली नावं आणि पत्ते अडवणं इतकंच हातात उरतं, आणि ही लढाई पूर्ण जिंकता येत नाही.

तपासायला लॅपटॉपवर एनएसलुकअप या आज्ञेनं डबलक्लिक डॉट नेट विचारावं. उत्तर ०.०.०.० आलं म्हणजे तो लॅपटॉप ताब्यात आहे. फोन आणि टीव्हीसाठी पाय-होलच्या पानावरची क्वेरी लॉग, म्हणजे विचारलेल्या नावांची नोंद पाहावी; चालू असूनही ज्याचं नावच तिथे नाही, ते यंत्र दुसरीकडे विचारतंय.

नवा उत्साही माणूस पहिल्याच दिवशी वीस याद्या जोडतो आणि आठवडाभर घरच्यांची बोलणी खातो. मूळ यादी आणि फार तर ओआयएसडी किंवा हागेझीची मध्यम यादी, एवढ्यावर भागतं. त्यातही काही मोडणारच. गुगलच्या निकालांत सर्वांत वरचे प्रायोजित दुवे उघडणार नाहीत. आक्रमक यादीनं यूट्यूबचं एक उपनाव अडवलं तर पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद थांबते. विंडोज ज्या नावावरून नेट आहे का ते तपासतं ते अडलं, तर नेट असूनही ‘इंटरनेट नाही’ असं दिसतं. दुरुस्ती एकच: लॉगमध्ये त्या यंत्रापुरत्या ओळी गाळून घ्याव्यात, त्या क्षणी अडलेलं नाव शोधावं, ‘अलाउ’ दाबावं आणि ॲप पूर्ण बंद करून उघडावं, कारण ॲप जुनं उत्तर धरून बसलेलं असू शकतं.

याच लॉगमध्ये घरातल्या कुणाच्या फोनवरून किती वाजता कुठली साइट विचारली गेली हेही दिसतं. ट्रॅकर हाकलून घरातच एक ट्रॅकर बसवण्यात अर्थ नाही. गोपनीयतेच्या ० ते ३ पायऱ्या आहेत. सगळं जमल्यावर निदान १ वर जावं, तिथे साइटची नावं लपतात. दुरुस्तीपुरतं परत ० वर येता येतं. हे घरच्यांना आधी सांगावं, विशेषतः ज्या घरात तीन पिढ्या एकाच वाय-फायवर आहेत.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे काम बहुधा गणपतीला किंवा दिवाळीला आलेला पुण्या-बंगळुरूचा मुलगा नाहीतर मुलगी करणार, आणि परत जाणार. म्हणून निघण्याआधी पाय-होलमधल्या टेलिपोर्टर या सोयीनं सेटिंगची फाइल काढून स्वतःजवळ ठेवावी आणि लांबून पाहता यावं म्हणून पायवर टेलस्केल ही व्हीपीएन सेवा टाकून ठेवावी. सामायिक आयपीव्ही४ पत्त्यामागच्या घरात साधा व्हीपीएन बाहेरून पोचत नाही, टेलस्केल पोचतं. राउटरवर एक कागद चिकटवावा. त्यावर मोठ्या अक्षरांत: नेट बंद वाटलं तर आधी छोट्या डबीचा प्लग काढून लावा, तीन मिनिटं थांबा. तरी नाही झालं तर राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ करा आणि वाय-फाय बंद-चालू करा. डीएचसीपी पाय-होलवर हलवलेलं असेल तर आधी राउटरचं डीएचसीपी चालू करा. पण त्या अवस्थेत फोनला पत्ताच मिळत नाही आणि राउटरचं पान उघडत नाही, म्हणून फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये हातानं भरायचा पत्ता, समजा १९२.१६८.१.५०, आणि गेटवे १९२.१६८.१.१ हेही त्याच कागदावर लिहून ठेवावं.