स्टेप-अप रिंग की स्टेप-डाउन रिंग, तुम्हाला नक्की कुठली पाहिजे

कॅमेऱ्याच्या लेन्सवर वेगळ्या साइजचा फिल्टर (लेन्सपुढे लावायची काच) बसवायला मध्ये लावतात त्या ह्या दोन रिंग, हातात घेतल्या तर दिसायला जवळपास सारख्याच, त्यामुळे हमखास उलटी मागवली जाते. नाव नेहमी लेन्सकडून फिल्टरकडे वाचायचं. ६७-७७ म्हणजे लेन्सचे आटे ६७ मिमीचे आणि त्यावर ७७ चा मोठा फिल्टर, ही स्टेप-अप. ७७-६७ म्हणजे लेन्स मोठी नि फिल्टर छोटा, ही स्टेप-डाउन.

आणि हा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सच्या नावातला ५० एमएम वगैरे) नाही हां, इथे खूप जण फसतात. कॅननच्या ५० एमएम एफ १.८ एसटीएमला ४९ चा फिल्टर लागतो, निकॉनच्या ५० एमएम एफ १.८ जी ला ५८ चा, फोकल लेंग्थ तीच असून. लेन्सच्या पुढच्या कडेला गोलावर तिरकी रेघ मारलेलं चिन्ह असतं, त्याच्या शेजारचा आकडा बघा.

माझं मत विचाराल तर डोळे झाकून स्टेप-अप घ्या. सगळ्यात मोठ्या लेन्सच्या साइजचा एकच चांगला पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) किंवा एनडी (उजेड कमी करणारा) घ्यायचा आणि बाकी लेन्सना रिंग लावून तोच वापरायचा, फोटोच्या कडा काळ्या पडायची भीती जवळपास नाही. त्रास एकच, लेन्सचा स्वतःचा हूड (ऊन अडवायला पुढे लावतात तो) बहुतेक वेळा बसत नाही, मग समोरून ऊन आलं की हाताने आडोसा धरावा लागतो.

स्टेप-डाउनमध्ये वाइड (रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सला कोपरे काळे होतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण टेलीला (लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सला) चालेल असं समजून लोक लावतात आणि तिथेच चुकतं. २०० एमएम एफ २.८ चं गणित करा, फोकल लेंग्थ भागिले एफचा आकडा, २०० भागिले २.८ म्हणजे साधारण ७१ मिमी रुंद उजेडाची वाट पाहिजे, आता ६७ च्या फिल्टरची मोकळी जागा त्याहून कमीच, म्हणजे पूर्ण उघडलेल्या ॲपर्चरचा (लेन्समधलं उजेडाचं भोक) थोडा उजेड तुम्ही स्वतःच अडवला. ॲपर्चर बंद करत नेलं की फरक कमी होतो, पण मग एफ २.८ ची लेन्स कशाला घेतली!

दोन-तीन रिंग एकावर एक चढवू नका, जाडी वाढते आणि वाइडला कोपरे परत काळे. जमलं तर पितळेची रिंग घ्या, ॲल्युमिनियमची जास्त अडकते. अडकलीच तर चिमटीत जोरात दाबू नका, दाबाने रिंग वाकते आणि अजून घट्ट होते, कडेला रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवा.