कुत्र्या-मांजरांना परदेशी नेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यालयात येणारी बहुतेक कुटुंबे व्हिसा हाती पडल्यावर येतात. नोकरीचे पत्र, मुलांच्या शाळेचे दाखले, तिकडच्या घराचा भाडेकरार हे सगळे मार्गी लागलेले असते आणि मग घरातले कोणीतरी विचारते, ‘आता मोतीचे काय करायचे?’ तोवर अनेकदा उशीर झालेला असतो. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, परदेशी जाण्याची नुसती बोलणी सुरू झाली तरी त्याच आठवड्यात आपल्या कुत्र्याची किंवा मांजराची लसीकरण पुस्तिका काढून पाहावी. बाकीची कामे धावपळ करून लवकर उरकता येतात. लस टोचणे, रक्त काढणे आणि प्रवास यांमध्ये जे दिवस जावे लागतात, ते मात्र कोणालाही कमी करता येत नाहीत.

चिप आधी, लस नंतर

सर्वांत आधी येते मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप पशुवैद्य जाड सुईने मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधल्या कातडीखाली बसवतात. ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी क्रमांकाची असावी. चिप बसवल्यावर लगेच, आपल्या डोळ्यांसमोर, ती रीडरने वाचून घ्यावी आणि पडद्यावर दिसणारा क्रमांक पुस्तिकेतील स्टिकरशी एकेक अंक जुळवून पाहावा. आमच्याकडे आलेल्या एका बोक्याच्या पुस्तिकेत हाताने लिहिलेल्या क्रमांकात ६ च्या जागी ९ पडला होता. एवढ्या एका अंकासाठी त्या कुटुंबाला चार कागद नव्याने करून घ्यावे लागले, आणि ही चूक प्रवासाच्या दिवशी विमानतळावर उघडकीस आली असती तर बोका मागेच राहिला असता.

रेबीजची लस चिप बसवल्यानंतर किंवा त्याच दिवशी टोचलेली असावी लागते. चिपच्या आधीची लस प्रकृतीसाठी उपयोगाची असली तरी युरोपच्या कागदपत्रांत ती धरली जात नाही, कारण ती नेमक्या याच प्राण्याला दिली होती याला पुरावा नसतो. ‘आम्ही दरवर्षी न चुकता लस देतो’ असे सांगणाऱ्या ग्राहकांना हे ऐकून वाईट वाटते आणि ते आम्हांला समजते. परंतु चिप नसेल तर लसीकरण नव्याने मोजण्यावाचून मार्ग नसतो.

युरोपचे चार महिने

पुण्या-मुंबईहून जर्मनी, नेदरलँड्स किंवा आयर्लंडला जाणाऱ्या कुटुंबांची संख्या आमच्याकडे मोठी असल्याने हा भाग सविस्तर देत आहोत. युरोपीय संघाने रेबीजच्या दृष्टीने निर्धोक मानलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे केवळ लसीचा दाखला पुरत नाही. लसीमुळे शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली आहेत हे रक्ततपासणीने सिद्ध करावे लागते. हिला टायटर चाचणी म्हणतात. रक्त लसीनंतर किमान ३० दिवसांनी काढावे लागते, त्यातील सीरम युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेकडेच पाठवावे लागते आणि निकाल किमान ०.५ आययू प्रति मिलिलिटर यावा लागतो. त्यानंतर, रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावे लागते. निकाल आल्याच्या तारखेपासून नव्हे. प्राण्याला लसीच्या आधीच संसर्ग झालेला असेल, तर त्याची लक्षणे या काळात दिसून यावीत, असा या थांबण्यामागचा विचार आहे.

तारखांत मांडायचे तर १ जूनला चिप आणि लस, १ जुलैला रक्त, आणि सगळे सुरळीत झाले तर १ ऑक्टोबरनंतर प्रवास. पिल्लाला पहिली लस १२ आठवड्यांच्या आत चालत नाही, त्यामुळे सात महिन्यांहून लहान पिल्लू भारतातून युरोपला नेणे जमत नाही. उलट, चिप आधीच बसवलेली असेल आणि नंतरचे बूस्टर ठरलेल्या मुदतीत, एकही दिवस न चुकवता दिलेले असतील, तर पहिला महिना वाचतो आणि एकदा मिळालेला टायटरचा निकाल पुढेही ग्राह्य राहतो. बूस्टर एक दिवस उशिरा झाला तरी सगळे पहिल्यापासून करावे लागते. म्हणून बूस्टरची तारीख मोबाइलमध्ये आठवडाभर आधीची लावून ठेवावी.

आणखी एक अट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मालकाचा प्रवास आणि प्राण्याचा प्रवास यांत पाच दिवसांहून जास्त अंतर पडले, तर ती घरगुती ने-आण न राहता व्यापारी वाहतुकीच्या नियमांत जाते. ‘आम्ही पुढे जाऊन घर लावतो, आजोबा महिन्याने त्याला विमानात बसवून देतील’ ही योजना म्हणूनच आधी आमच्याशी बोलून ठरवावी.

इतर देशांविषयी

ब्रिटनलाही टायटर आणि तीन महिन्यांचा नियम आहेच. शिवाय तेथे विमानाने येणारा प्राणी केबिनमध्ये किंवा आपल्या सामानासोबत चालत नाही, तो मॅनिफेस्ट कार्गो, म्हणजे विमानाच्या मालाच्या यादीत वेगळी नोंद केलेला माल, म्हणूनच उतरावा लागतो. कुत्र्याला पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पशुवैद्याने फीतकृमीचे औषध देऊन तशी वेळेसह नोंद करावी लागते. आयर्लंडचीही फीतकृमीबाबत हीच अट आहे. ब्रिटनमध्ये पिटबुल टेरिअर, जपानी तोसा आणि एक्सएल बुली यांसारख्या कुत्र्यांवर बंदी असल्याने, संकरित कुत्रा दिसायला तसा असेल तर आधी छायाचित्रे पाठवावीत. आपल्या गावठी कुत्र्यांना अशी अडचण येत नाही, आणि रस्त्यावरून उचलून आणलेला कुत्रा परदेशी नेता येतो का, या वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, नक्की येतो’ असे आहे.

अमेरिकेचे कुत्र्यांविषयीचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून कडक झाले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि चिप असलेला हवा. भारत तेथे रेबीजच्या अधिक जोखमीच्या देशांत मोडतो. त्यामुळे भारतात लस दिलेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्याने प्रमाणित केलेला ठरावीक फॉर्म, टायटरचा निकाल आणि नोंदणीकृत प्राणी केंद्रातील आरक्षण लागते. टायटर नसल्यास त्या केंद्रात २८ दिवसांचे विलगीकरण, तेही आपल्या खर्चाने. अशी केंद्रे न्यूयॉर्कचा जेएफके, अटलांटा, लॉस एंजेलिस अशा मोजक्याच विमानतळांवर आहेत. म्हणजे आपण डॅलसला जात असाल तरी कुत्रा यांपैकी एका ठिकाणी उतरेल आणि पुढचा टप्पा वेगळा ठरवावा लागेल. मांजरांना ही सारी यातायात नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांना भारतातून थेट नेता येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात प्राण्याला ठेवावे लागते. ऑस्ट्रेलियात पोहोचल्यावरही मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथील केंद्रात किमान १० दिवसांचे विलगीकरण असते. जपानसाठी रक्त काढल्यापासून १८० दिवस मोजावे लागतात.

पोपटांविषयी एका वाक्यात: आपल्याकडचा हिरवा पोपट आणि तारांकित कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ अन्वये घरी पाळणेच गुन्हा आहे, त्यामुळे त्यांना परदेशी नेण्याचे काम आम्ही घेत नाही.

पिंजरा, ज्याला सगळे क्रेट म्हणतात

सर्वाधिक तक्रारी आणि सर्वाधिक खर्च येथेच होतो. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार प्राणी आत नीट उभा राहिला पाहिजे, कान छताला न लागता. वळता आला पाहिजे आणि पाय पसरून झोपता आला पाहिजे. त्यासाठी चार मापे घ्यावीत. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, आणि उभे असताना डोक्याची किंवा कानाच्या टोकाची, जी जास्त असेल ती, उंची. लांबीत कोपराच्या उंचीचा अर्धा भाग मिळवला की क्रेटची लांबी मिळते, खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही क्रेटची रुंदी, आणि डोक्याच्या उंचीत अंथरुणाची जाडी मिळवून क्रेटची उंची. चपट्या नाकाच्या जातींसाठी यावर आणखी १० टक्के.

उदाहरणार्थ, ८५ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर कोपर, ३० सेंटिमीटर रुंद आणि ६७ सेंटिमीटर उंच लॅब्रेडॉरला १०० बाय ६० बाय ७० चा क्रेट लागतो. विमान कंपन्या कार्गोचे भाडे वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लावतात. आकारमानासाठी घन सेंटिमीटरला ६००० ने भागण्याची पद्धत आहे. या क्रेटचे ते ७० किलो भरते, मग कुत्रा क्रेटसह ४५ किलोचा का असेना. भाड्याचा आकडा ऐकून धक्का बसू नये म्हणून आम्ही मापे घेतल्याशिवाय दर सांगत नाही.

क्रेट निदान दोन महिने आधी घरी आणावा. पहिले काही दिवस दार काढून ठेवावे आणि जेवणाचे भांडे आत सरकवावे. नंतर आपली जुनी, न धुतलेली चादर आत टाकावी. कुत्रा दुपारच्या झोपेसाठी स्वतःहून आत जाऊ लागला की मग दार लावून पाच मिनिटे, पंधरा मिनिटे, तास, असे वाढवत न्यावे. ही तयारी झालेला कुत्रा विमानतळावरच्या गोंगाटात शांत बसून असतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे. गुंगीचे औषध मात्र कृपया देऊ नये. त्याने रक्तदाब उतरतो, तोल सांभाळता येत नाही, आणि बहुतेक विमान कंपन्या गुंगीतला प्राणी स्वीकारतच नाहीत.

शेवटचे दहा दिवस

युरोप आणि ब्रिटनचे आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून प्रवेशापर्यंत १० दिवसच ग्राह्य असते, त्यामुळे ते आधी करून ठेवता येत नाही. याच काळात केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध आणि प्रमाणन सेवेच्या केंद्रातून निर्यातीसाठीचे आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडील ग्राहकांनी यासाठी मुंबईच्या फेरीचा दिवस राखून ठेवावा. सोबत लसीकरण पुस्तिका, टायटरचा मूळ निकाल, पासपोर्ट आणि तिकीट यांच्या प्रती असाव्यात. प्रमाणपत्रावरील चिप क्रमांक खिडकी सोडण्याआधी वाचून पाहावा.

कोणाला नेऊ नये

पग, बुलडॉग, पर्शियन मांजर यांची श्वासनलिका अरुंद असते आणि उन्हात त्यांना धाप लागते. अनेक कंपन्या त्यांना नाकारतात, आणि एप्रिल-मेमध्ये आम्हीही नाकारतो. हृदयविकार असलेल्या किंवा फार म्हाताऱ्या प्राण्याबाबत आपल्या पशुवैद्याचे मत आम्ही लेखी मागतो. चौदा वर्षांच्या कुत्र्याला त्याच्या ओळखीच्या घरात, आजी-आजोबांजवळ राहू देणे हे त्याला टाकून जाणे नव्हे, असे आम्ही अशा कुटुंबांना मनापासून सांगतो, आणि त्या सल्ल्याचे शुल्क घेत नाही.

पहिल्या भेटीला येताना लसीकरण पुस्तिका, चिपचे स्टिकर, जाण्याचा अंदाजे महिना आणि शक्य असल्यास प्राण्याला सोबत घेऊन यावे. मापे आम्ही कार्यालयातच घेतो. कुत्र्याला टेपची भीती वाटत असेल तर त्याचा आवडता खाऊ खिशात ठेवावा.