क्वेक ३ अरीना
इड सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीचा प्रथमपुरुषी नेमबाजीचा संगणकीय खेळ. प्रकाशन डिसेंबर १९९९. ‘क्वेक’ (१९९६) आणि ‘क्वेक २’ (१९९७) यांनंतरचा हा भाग. आधीच्या दोन्ही खेळांत एकट्याने खेळायची मोहीम होती. येथे ती वगळून अनेक खेळाडूंच्या आपसांतील झुंजीलाच गाभ्याचे स्थान दिले. एकट्याने खेळणाऱ्यासमोर संगणकचलित ‘बॉट’ उतरतात. थ्रीडी ग्राफिक्स कार्डाशिवाय हा खेळ चालत नसे.

ऑगस्ट २००५ मध्ये खेळाचा सोर्स कोड जीपीएल (कोड वापरण्या-बदलण्याची मुभा देणारा) परवान्याखाली खुला झाला. त्यातील एक छोटे फंक्शन (ठराविक काम करणारा कोडचा तुकडा) विशेष गाजले. प्रकाश आणि दिशा यांच्या गणितात १/√क्ष ही किंमत सतत लागते. भागाकार व वर्गमूळ टाळून ती येथे काढली आहे. अपूर्णांक संगणकात ज्या ०-१ अंकांत (बिट) साठवलेला असतो, ते बिट पूर्णांक म्हणून वाचायचे, एक घर उजवीकडे सरकवायचे, १५९७४६३००७ मधून वजा करायचे आणि आलेले बिट पुन्हा अपूर्णांक म्हणून वाचायचे. क्ष = ४ घेतल्यास ०.४८३१ मिळते, अंदाज सुधारत नेणाऱ्या न्यूटन-रॅफसन पद्धतीच्या एकाच फेरीनंतर ०.४९९२. खरे उत्तर ०.५. कमाल चूक सुमारे ०.१७५ टक्के.

या रीतीचे श्रेय बराच काळ मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांना दिले गेले. त्यांनी स्वतः ते नाकारले आहे. प्रोग्रामर टेर्ये मॅथिसेन यांचे नावही पुढे आले, तथापि त्यांनीही हा कोड आपला मानला नाही. ग्राफिक्स क्षेत्रातील अभियंते गॅरी टारोली यांनी ही रीत वापरल्याचे सांगितले, पण शोधाचा दावा केला नाही. आर्डेंट कॉम्प्युटर या कंपनीतील ग्रेग वॉल्श यांनी गणितज्ञ क्लीव्ह मोलर यांच्या प्रेरणेने ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रचली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मोलर मात्र मूळ कल्पना बर्कली विद्यापीठातील विल्यम कहान व के. सी. एंग यांच्या सुमारे १९८६ च्या लेखनात दाखवतात. म्हणजे कल्पना बर्कलीची आणि तिला हे रूप वॉल्श यांनी दिले, असे मानणे सयुक्तिक.

इंदुरात हा खेळ बहुधा २००० नंतरच्या काही वर्षांत, सायबर कॅफे व वसतिगृहांच्या लॅनवर (एकाच जागेतील संगणक जोडणाऱ्या नेटवर्कवर) रुजला. रामबाग, लोकमान्य नगर या भागांतल्या मराठी मुलांच्या तोंडी घरची मराठी आणि ‘भिया, मागे बघ!’ अशी इंदुरी हाक एकाच डावात येई. लॅनच का, याचे उत्तर खेळाच्या रचनेत आहे. मूळ आवृत्तीत रेलगन या झटक्यात लागणाऱ्या बंदुकीचा नेम तपासताना नेटवर्कचा विलंब भरून काढला जात नाही. त्यामुळे डायल-अपवर धावत्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे, अंदाजाने नेम धरावा लागे. लॅनवर मात्र दिसेल तिथेच मारता येई.