दवाखान्यात गेलेला रुपया मोजतात कसा?

देशात औषधपाण्यावर एकूण किती पैसा जातो हे काढणं वाटतं तितकं सोपं नाहीये. सरकारी खर्च बजेटात सापडतो, इन्शुरन्सवाल्यांचे हिशोब असतात, पण डॉक्टरला रोख दिलेली फी आणि मेडिकलमधून बिल न घेता आणलेल्या गोळ्या कुठल्या वहीत लिहिलेल्या असतात?

हा हिशोब आपल्याकडे नॅशनल हेल्थ अकाउंट्स म्हणून निघतो, पद्धत आंतरराष्ट्रीय आहे, २०११ ची. रुपया कुणी दिला, कुणाकडे गेला, कशासाठी गेला, तिन्ही बाजूंनी बघायचं पण मोजायचा एकदाच. म्हणजे तुम्ही पॉलिसीचा हप्ता भरला आणि कंपनीने त्यातून हॉस्पिटलचं बिल भागवलं तर दोन्ही जोडायचे नाहीत.

खरी गोची खिशातल्या पैशाची. त्यासाठी एनएसएस म्हणजे सरकारच्या नॅशनल सॅम्पल सर्व्हेची माणसं घरोघरी जाऊन विचारतात, गेल्या १५ दिवसांत कोण आजारी होतं, गेल्या ३६५ दिवसांत कोण अ‍ॅडमिट झालं, मग फी किती, औषधं किती, तपासण्या किती, बेडचे किती. किरकोळ खर्च लगेच विसरतो म्हणून १५ दिवस, अ‍ॅडमिट होणं लक्षात राहतं म्हणून वर्ष. पण आजीची गुडघेदुखी घरात कुणाला आजारच वाटत नसेल तर तिचं मलम कागदावर येणार कसं?

आता आकडे बघा. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशाचा वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता, २०२१-२२ ला ३९.४ वर आला, आणि सरकारचा वाटा २८.६ वरून ४८ टक्क्यांवर गेला. सरकारी खर्च वाढलाय हे खरंच आहे आणि चांगलंच आहे. पण २०१४ च्या सर्व्हेत १५ दिवसांत आजारी होतो म्हणणारे खेड्यात ८.९ आणि शहरात ११.८ टक्के होते, २०१७-१८ च्या सर्व्हेत ते ६.८ आणि ९.१ झाले. लोक खरंच कमी आजारी पडले की कमी सांगितलं गेलं, यावर तज्ज्ञांचं अजून जमत नाही, पण आजार कमी नोंदला की खर्चही आपोआप कमी दिसतो.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की २०२१-२२ चा खिशातला खर्चसुद्धा त्याच २०१७-१८ च्या सर्व्हेवरून पुढे वाढवून काढलाय. मधे कोविड येऊन गेला, रेमडेसिवीरसाठी आणि ऑक्सिजन बेडसाठी लोकांनी दागिने मोडले, उसनवारी केली, ते सगळं कोविडच्या आधीच्या सर्व्हेत कुठून येणार! अशा वर्षांचा आकडा वापरताना त्याच्या शेजारी सर्व्हेचं साल ठळक छापलंच पाहिजे, आणि असे सर्व्हे दोन-तीन वर्षांनी तरी व्हायला हवेत.

बुडालेली मजुरी तर या हिशोबात धरतच नाहीत. नवऱ्याजवळ दवाखान्यात बसून राहिलेल्या बाईचा आठवडाभराचा रोज गेला तरी आरोग्यखर्चाच्या खात्यात तो शून्यच.