सड्यावरील वनस्पती-परिस्थितिकी

सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याच्या उघड्या, सपाट आणि जवळजवळ झाडे नसलेल्या पठाराला सडा म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्यालगतचे मसाई पठार सर्वांना ठाऊक आहे. त्याखेरीज शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांतही लहानमोठे सडे आहेत. पावसाळ्याचे चार महिने इथे पाणथळ असते आणि उरलेले आठ महिने वाळवंट. एकाच जागेच्या या दोन अवस्थांमध्ये कोणत्या वनस्पती तगतात, कशा तगतात आणि ते मोजायचे कसे, हा या अभ्यासाचा विषय आहे. त्यासाठी वनस्पतिशास्त्राइतकेच भौतिकी आणि गणितही लागते.

घडण : बेसाल्ट खडक उष्ण, दमट हवेत लाखो वर्षे झिजला. त्यातील सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम पाण्याबरोबर वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. त्यांचेच घट्ट, सच्छिद्र, तांबूस कवच म्हणजे जांभा. फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातील अंगडीपुरम इथल्या अशा दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, हवेत राहिला की टणक होतो, म्हणून चिरे पाडायला सोयीचा. ॲल्युमिनियमचे प्रमाण जिथे जास्त झाले तिथे बॉक्साइट तयार झाले. राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगड भागातील खाणी याच थरावर आहेत.

पाऊस भरपूर, तरी वाळवंट का : जिथे वर्षाला २५० मिमीपेक्षा कमी पाऊस पडतो ते वाळवंट, ही व्याख्या सड्याला लागू होत नाही. गगनबावड्याला वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिमी पाऊस पडतो. येथील कोरडेपणा आभाळामुळे येत नाही, तो मातीमुळे येतो. हिशेब सोपा आहे. कातळावर मातीचा थर ५ सेंमी धरू, म्हणजे ५० मिमी. त्यात झाडाला घेता येईल असे पाणी आकारमानाच्या २० टक्के धरले, तर साठा होतो अवघा १० मिमी. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसाला ४ ते ५ मिमी बाष्पीभवन धरले, तर हा साठा दोन-अडीच दिवसांत संपतो. मातीत निम्मी खडी असेल तर एका दिवसात. पाच हजार मिमी पडले काय आणि दोन हजार पडले काय, साठवणार तेवढेच १० मिमी, बाकी सगळे वाहून जाते. सड्यावरील गवत परतीच्या पावसानंतर आठवडाभरात पिवळे का पडते आणि त्याच डोंगराच्या दरीतले जंगल मे महिन्यातही हिरवे का राहते, याचे उत्तर या एका गुणाकारात आहे.

हवेची ओढ केवढी असते तेही पाहण्यासारखे आहे. पाणी किती जोराने खेचले जाते ते जलविभवाने मोजतात. त्याचे एकक मेगापास्कल, आणि आकडा जितका अधिक उणे तितकी ओढ जास्त. बहुतेक पिके मातीचे जलविभव उणे १.५ मेगापास्कलवर पोहोचले की कायमची कोमेजतात. २५ अंश तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर ०.५ चा नैसर्गिक लॉगरिदम (उणे ०.६९३) गुणिले १३७ (या तापमानाचा स्थिरांक), म्हणजे हवेचे जलविभव सुमारे उणे ९५ मेगापास्कल येते. सड्यावर उन्हाळ्याच्या दुपारी आर्द्रता याहून कमी असते. या ओढीपुढे कोणतेही साधे पान उघड्यावर टिकणार नाही.

तगण्याच्या रीती : पहिली रीत पळून जाण्याची. तेरडा, गेंद, सीतेची आसवे, कवळा या वर्षायू वनस्पती जूनमध्ये रुजतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलतात आणि ऑक्टोबरात बी टाकून संपतात. थरच्या वाळवंटातही पावसानंतर उगवणाऱ्या अल्पायुषी वनस्पती असेच करतात. तिथे हंगाम काही आठवड्यांचा, इथे चार महिन्यांचा, एवढाच फरक. सीतेची आसवे आणि दवबिंदू (ड्रॉसेरा) या वनस्पती कीटक पकडतात, कारण धुऊन गेलेल्या या मातीत नत्र आणि स्फुरद फार थोडे. सीतेच्या आसवांचे सापळे पाण्याखाली किंवा ओल्या मातीत असतात. मोहरीहून लहान फुगे, आत दाब कमी, तोंडाशी झडप. झडपेजवळच्या केसाला धक्का लागला की झडप उघडते आणि पाण्याबरोबर सूक्ष्म जीव आत ओढला जातो.

दुसरी रीत जमिनीखाली दडण्याची. चवर, दीपकाडी, हबेनारिया (एक ऑर्किड), कंदीलपुष्प (सेरोपेजिया) यांचे कंद कातळाच्या भेगांत किंवा मातीच्या खिशांत उरतात, वरचा भाग वाळून जातो. जानेवारीत सर्वेक्षण केले तर या जाती नोंदीतच येत नाहीत. तिसरी रीत साठवण्याची. निवडुंग, मकडशेंगी, पानफुटी यांच्या मांसल अवयवांत पाणी असते. अशा वनस्पती पर्णरंध्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून प्रकाशसंश्लेषण करतात.

चौथी रीत सर्वांत विलक्षण आहे. ती पुरती वाळून पुन्हा जगण्याची. ट्रायपोगॉन वंशातील बारीक गवते, चेलॅन्थिस वंशातील नेचे, शेवाळी आणि दगडफुले हे करतात. सामान्य वनस्पतीच्या पानातील पाणी पूर्ण क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली गेले की ते पान सहसा मरते. या पुनरुज्जीवी वनस्पती १० टक्क्यांखाली जाऊनही जिवंत राहतात. एप्रिलमध्ये ट्रायपोगॉनचा झुबका हातात घेतला तर पाती सुतळीच्या धाग्यासारखी गुंडाळलेली, राखाडी, बोटाने मोडणारी असतात. मुळासकट बशीत पाणी घालून ठेवावा. काही तासांत पाती सैल होऊन उलगडू लागतात आणि एक-दोन दिवसांत झुबका हिरवा दिसू लागतो. पेशी आटताना शर्करा आणि विशिष्ट प्रथिने पटलांना आधार देतात, त्यामुळे ती एकमेकांना चिकटून फाटत नाहीत.

सापेक्ष जलमात्रा : वाळलेले पान खरोखर किती वाळले हे नजरेने कळत नाही, वजनानेच कळते. पान तोडताच ताजे वजन घ्यायचे, मग ऊर्ध्वपातित पाण्यात, मंद उजेडात ठेवून पूर्ण फुगल्यावर फुगीर वजन आणि शेवटी ८० अंशांवर २४ तास वाळवून सुके वजन. ताज्यातून सुके वजा करावे, फुगीरमधून सुके वजा करावे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागून १०० ने गुणावे. उदाहरणार्थ, ताजे ०.१२० ग्रॅम, फुगीर ०.४५० आणि सुके ०.१०० असेल, तर ०.०२० भागिले ०.३५०, म्हणजे ५.७ टक्के.

चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. पान सड्यावर तोडून संध्याकाळी प्रयोगशाळेत तोलले तर ते वाटेतच आटते, म्हणून तोडताच आधी तोललेल्या हवाबंद डबीत घालावे. फुगीर पान पाण्यातून काढून टिपकागदाने नीट टिपले नाही तर वरचे पाणीही तोलले जाते. तिसरी चूक पुनरुज्जीवी वनस्पतींपुरती आहे. त्यांचे तोडलेले सुके पान पाण्यात टाकले तर ते कित्येकदा सडते, उलगडत नाही. त्यांच्यासाठी अख्खा झुबका भिजवून मग पान घ्यावे. तराजू ०.००१ ग्रॅमचा लागतो. सड्यावरील वाऱ्यात तो स्थिर होत नाही, त्याला पेटी किंवा गाडीचा आडोसा द्यावाच लागतो.

मातीची ओल : लोखंडी सळईवर सेंटिमीटरच्या खुणा करून ती कातळाला लागेपर्यंत ठोकतात आणि मातीची खोली घेतात. इथे सरासरी फसवी ठरते. एका चौरस मीटरमध्ये एकीकडे २ सेंमी आणि दुसरीकडे २५ सेंमीचा खळगा असू शकतो, आणि कंदवर्गीय वनस्पती नेमक्या त्या खळग्यात असतात. म्हणून प्रत्येक चौकटीत, म्हणजे नोंदीसाठी आखलेल्या एक मीटरच्या चौरसात, निदान पाच वाचने घेऊन ती सगळी नोंदवावीत. ओल मोजायला झाकणाच्या डबीत माती भरून तोलतात आणि १०५ अंशांवर २४ तास ठेवून पुन्हा तोलतात. डबी १८.५ ग्रॅम, ओली मातीसह ६४.२, सुकी मातीसह ५८.७ असेल, तर पाणी ५.५ ग्रॅम, सुकी माती ४०.२ ग्रॅम आणि ओल १३.७ टक्के. भट्टी याहून फार तापवली तर सेंद्रिय पदार्थ जळू लागतो आणि तो घटही पाणी म्हणून मोजला जातो. जांभ्याची खडी २ मिमीच्या चाळणीने वेगळी करून तिचे वजन स्वतंत्र लिहावे, नाहीतर दोन सड्यांची तुलना होत नाही.

तापमान : अवरक्त तापमापीने कातळाचा पृष्ठभाग मोजताना उत्सर्जकता, म्हणजे पृष्ठभाग उष्णता किती प्रमाणात बाहेर टाकतो तो आकडा, ०.९५ च्या आसपास ठेवतात. तारेच्या तापमापीची (थर्मोकपलची) तार कातळावर नुसती ठेवली तर ती उन्हाने स्वतःच तापते आणि खडकाऐवजी आपलेच तापमान दाखवते. टोक भेगेत घट्ट बसवून त्यावर त्याच दगडाची पूड दाबावी.

आम्लाची चाचणी : मांसल वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेते का, हे कमी खर्चात तपासता येते. सूर्योदयापूर्वी आणि संध्याकाळी समान वजनाचे तुकडे घ्यावेत, पाण्यात उकळून गाळावे आणि ०.०१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करावे. पहाटेच्या नमुन्याला स्पष्टपणे जास्त अल्कली लागली तर उत्तर होकारार्थी. अर्काच्या हिरवट रंगात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा गुलाबी रंग झाकला जातो, त्यामुळे पीएच मीटरवर ८.३ हा अंत्यबिंदू धरणे बरे.

चौकटी आणि गणित : गवत-शाकांसाठी १ मीटर × १ मीटरची चौकट वापरतात. आतून दोरीने १०० घरे पाडली की किती टक्के जागा कोणी व्यापली ते मोजता येते. गेंद किंवा गवताच्या गर्दीत रोपे एकेक मोजण्याचा हट्ट धरू नये. दोन माणसांचे आकडे कधी जुळत नाहीत, व्याप्तीचे जुळतात. किती चौकटी पुरेत हे जाती-क्षेत्र आलेखावरून, म्हणजे क्षेत्र वाढले की जाती किती वाढतात ते दाखवणाऱ्या आलेखावरून ठरते. समजा १ चौरस मीटरमध्ये १२ जाती मिळाल्या आणि ४ चौरस मीटरमध्ये १७, तर १७ भागिले १२ चा लॉगरिदम, भागिले ४ चा लॉगरिदम, म्हणजे क्षेत्राचा घातांक सुमारे ०.२५. क्षेत्र चौपट केल्यावर जाती फक्त १.४ पट होतात.

विविधतेसाठी शॅनन निर्देशांक काढतात. प्रत्येक जातीचा वाटा गुणिले त्या वाट्याचा लॉगरिदम, यांची बेरीज करून चिन्ह बदलायचे. चार जाती प्रत्येकी २५ टक्के असतील तर निर्देशांक १.३९ येतो. एकच जात ८५ टक्के आणि बाकी तीन ५-५ टक्के असतील तर ०.५९. जाती चारच, पण दुसऱ्या सड्यावर एकीने जागा बळकावली आहे हे आकडा सांगतो. इथे नैसर्गिक लॉगरिदम वापरला आहे. १० पायाचा वापरला तर आकडे २.३ पटीने लहान येतात, आणि दोन प्रबंधांतील आकडे न पाहता शेजारी ठेवल्याने चुकीचे निष्कर्ष निघतात.

सर्वांत मोठी चूक मात्र गणितात नसून चौकटी ठेवण्यात होते. एकाच डबक्याभोवती दहा चौकटी टाकल्या तर ते दहा नमुने होत नाहीत, ते एकच डबके दहा वेळा मोजणे होते. उघडा कातळ, भेगा, उथळ मातीचे चट्टे, डबकी आणि धोंड्यांच्या सावल्या हे अधिवास वेगळे धरून प्रत्येकाच्या दूरदूरच्या जागा निवडाव्या लागतात. फेऱ्याही जूनअखेर, ऑगस्टमध्य, सप्टेंबरअखेर, जानेवारी आणि एप्रिल अशा पाच हव्यात. फुलांचा बहर पाहून फक्त सप्टेंबरात केलेल्या नोंदीत पुनरुज्जीवी गवते इतर गवतांत हरवतात.

नमुने : पावसाळ्यात दाबलेले नमुने टिपकागद रोज बदलूनही बुरशीने काळे पडतात, त्यांना कोमट, हवा खेळती असलेल्या पेटीची गरज असते. गेंदाच्या जाती दाबलेल्या फुलगेंदावरून ओळखणे कठीण. बियांच्या कवचावरील नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते, म्हणून पक्व बी असलेले नमुने अल्कोहोलमध्येही ठेवतात. अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय एकही रोप उपटता येत नाही.

विद्यापीठातील काम : कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. तेथील वनस्पतिशास्त्र विभागाचे एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांची जिल्ह्याची वनस्पतिसूची २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. सड्यावर काम करणाऱ्याला आजही पहिला आधार तिचाच असतो. कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जातींचे संवर्धन हेही विभागाचे मोठे काम आहे. त्याच आवारातील भौतिकी विभाग पातळ थरांच्या, म्हणजे थिन फिल्मच्या, संशोधनासाठी ओळखला जातो. काचेवर बसलेल्या थराची जाडी तिथे थर बसण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या वजनांच्या फरकावरून काढतात. पानाची जलमात्राही वजनांच्या फरकावरूनच निघते, आणि दोन्हीकडे चुकीचे मूळ एकच, तोलताना चिकटलेला किंवा उडालेला ओलावा.

सड्याची नोंद आणि हानी : सात-बाऱ्यावर सडा बहुधा ‘पोटखराबा’ म्हणून लिहिलेला असतो आणि व्यवहारात तो पडीक समजला जातो. ही समजूत सड्याला खाणीइतकीच घातक आहे. पडीक समजूनच तिथे खड्डे खणून, बाहेरची माती भरून झाडे लावली जातात. झाडे बहुतेक जगत नाहीत, पण त्या मातीबरोबर आलेले तण जगते, आणि ५ सेंमी मातीवर घडलेली वनस्पतींची रचना मोडते. फुलांच्या हंगामात चालत्या पायांखाली मातीचे पातळ चट्टे सुटतात, आणि पुढच्या सरीत ते वाहून जातात. उन्हाळ्यातील वणवा वर्षायूंच्या जमिनीवर पडलेल्या बियांना लागतो, कंदांना फारसा नाही. त्यामुळे वारंवार जळणाऱ्या सड्यावर वर्षायू कमी आणि कंदवर्गीय जास्त अशी रचना होण्याची शक्यता असते. सातारा जिल्ह्यातील कास पठार आणि कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्य ही २०१२ पासून जागतिक वारसास्थळांपैकी आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातले बाकीचे अनेक सडे कोणत्याही यादीत नाहीत.

असे बदल दाखवायचे तर तीच चौकट दहा वर्षांनी पुन्हा सापडली पाहिजे. उपग्रह-स्थाननिश्चितीची साधी यंत्रे काही मीटरने चुकतात, तेवढ्यात डबके सुटून कोरडा कातळ येतो. रंगाच्या खुणा दोन पावसाळ्यांत शेवाळाखाली जातात आणि लोखंडी खिळे गंजतात. म्हणून चौकटीच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर कातळात भोक पाडून स्टेनलेस स्टीलचे बुटके बोल्ट सिमेंटने बसवतात, जवळच्या ठळक धोंड्यापासून त्यांचे अंतर आणि दिशा मोजतात आणि चौकटीचे छायाचित्र दरवेळी त्याच कोपऱ्यातून घेतात.